चोवीस पॉइंट सहा

माझ्या सासऱ्यांना गाडी नको होती, गाडीतला आकडा हवा होता. मला आकड्याशी काही देणंघेणं नव्हतं, मला गाडी हवी होती. इतकं साधं भांडण. दोघांनी शांत बसून चहा पिता पिता मिटवावं असं. पण आमच्या घरात शांत बसतं कोण?

मी लोकांच्या घरी जाऊन त्यांचे हातपाय हलवते. फिजिओथेरपी. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाची अर्धी बाजू लुळी पडलेली. मी जाते, वाकवते, ताणते, शिव्या खाते आणि पुढच्या घरी जाते. बरोबर मशीनची पेटी, रबरी पट्टे, उशा, म्हणजे अर्धा संसारच. नवरा गेल्यापासून हा संसार मी बसमधून वाहत होते. माझी वाट बघून पेशंट झोपून जायचे आणि मग त्यांच्या मुली मी काम करते त्या फिजिओथेरपी केंद्रावर फोन करून माझ्या नावानं शंख करायच्या. केंद्राच्या मॅडम तशा वाईट नाहीत. पण एक दिवस त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघ, तुझ्या हाताला गुण आहे, सगळे सांगतात. पण हात वेळेवर पोचलाच नाही तर त्या गुणाचं लोणचं घालायचं का? पुढच्या महिन्यापासून ज्याच्याकडे गाडी, त्यालाच घरच्या भेटी. तू ठरव."

यात ठरवायचं काय, कपाळ! घरच्या भेटी गेल्या की माझ्या वाट्याला केंद्रावर बसून गरम पाण्याच्या पिशव्या भरणं तेवढं उरणार होतं.

आणि गाडी तर होती. सासऱ्यांच्या अंगणात, धुऊनपुसून, आच्छादन घालून उभी होती. हायब्रीड गाडी, म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आणि बॅटरीवरची मोटरही. हलक्या पायानं चालवली तर नुसत्या बॅटरीवर सरकते, आवाजसुद्धा करत नाही. निवृत्त झाल्यावर सासऱ्यांनी ती स्वतःच्या नावावर घेतली आणि मुलाला वापरायला दिली. मुलगा गेला, सगळं उरकलं, पाहुणे पांगले, तेव्हा त्यांनी आमच्या दारामागच्या खिळ्यावरून किल्ली काढली आणि म्हणाले, "ही मी नेतो." त्या दिवशी कुणी माझं डोकं काढून न्यायला आलं असतं तरी मी "न्या" म्हटलं असतं.

माझ्या नवऱ्याला घरीदारी सगळे भोंग्या म्हणायचे. जन्मल्या जन्मल्या त्यानं असं काही भोकाड पसरलं की हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मोठेपणीही बोलणं तसंच, हसणं तसंच, आणि गाडी चालवणं तर विचारूच नका. सिग्नल हिरवा व्हायच्या आत हॉर्न. पाय एकतर ॲक्सिलरेटरवर नाहीतर ब्रेकवर, मधे म्हणून काही नाहीच. मी शेजारी बसून दाराचा दांडा धरून ठेवायचे. गाडी विकणारे छातीठोकपणे सांगत होते की लिटरला बावीस-तेवीस किलोमीटर कुठे गेले नाहीत. भोंग्याच्या हातात तिनं चौदाच्या वर कधी दिलं नाही. "जरा हळू चालव की रे," म्हटलं की म्हणायचा, "गाडी आहे ती, आजारी म्हैस नाही."

मग आजार आला आणि बघता बघता मणक्यात उतरला.

उपचारांच्या पहिल्या दिवशी स्टिअरिंगवर मी बसले. पहिल्याच वळणाला मी ब्रेक लावला आणि तो कण्हला. भोंग्या ओरडायचा, किंचाळायचा, भांडायचा, पण कण्हताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.  "सॉरी, सॉरी रे," म्हणत मी बाकीचा रस्ता कापला. त्यानंतर मी गाडी चालवायला नव्यानं शिकले. सिग्नल लांबून दिसला की तिथूनच पाय काढून घ्यायचा. गाडी आपली आपण मंदावू द्यायची, मंदावताना ती बॅटरीही भरून घेते. अगदी शेवटी ब्रेकला नुसतं टेकायचं. निघताना पाय इतका हलका की इंजिन जागं होऊ नये. रस्त्यातले खड्डे पाठ केले. मागचे लोक हॉर्न मारायचे, खिडकीतून हात काढून माझा उद्धार करायचे. करा बाबांनो, म्हणायचे मी.

तो सीट मागे पाडून आडवा पडलेला असायचा. तिथून त्याला रस्ता दिसायचा नाही, डॅशबोर्डवरचा पडदा तेवढा दिसायचा. त्या पडद्यावर एक आकडा असतो. शेवटचं शून्य केल्यापासून गाडीनं लिटरला सरासरी किती किलोमीटर दिले, तो. भोंग्यानं त्याचं बटण दाबून धरलं आणि सरासरी पुसून टाकली. म्हणाला, "बघू या तुझ्या पायाची करामत." मग तोच खेळ झाला. अठरा झाले, वीस झाले, बावीस झाले, आणि ह्याला चेव चढला. "एसी बंद कर." "टायरातली हवा बघ आधी." "डिकीतलं सामान काढ, कशाला ओझं वाहतेस?" थंडीत इंजिन तापायला पेट्रोल जास्त लागतं, तेव्हा आकडा जरा घसरला तर हा दोन दिवस फुगून बसला होता. दवाखान्याच्या रिपोर्टांतले आकडे आम्ही दोघं मनात वाचायचो. हा एकच आकडा आम्ही मोठ्यानं वाचायचो.

चोवीस पॉइंट सहावर तो थांबला. अंतर वाढत जातं तशी सरासरी जड होत जाते, सहजी हलत नाही.

आणि तिथेच घोटाळा झाला. सासरे राहायचे दुसऱ्या गावात. भोंग्यानं त्यांना फोन करून ओरडून सांगितलं, "बाबा, गाडी चोवीस पॉइंट सहा देते!" पलीकडून सासरे म्हणाले, "म्हणजे स्वतः चालवतोस ना?" भोंग्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग? ड्रायव्हर ठेवलाय की काय मी?" झालं. सासऱ्यांनी गावभर सांगितलं की पोरगा धडधाकट आहे, उपचारांनाही स्वतः गाडी चालवत जातो, आणि कशी चालवतो बघा. मग ते निभावणं आलं. त्यांच्याकडे जायचं असलं की गल्लीच्या कोपऱ्यावर मी गाडी थांबवायचे, आम्ही जागा बदलायचो आणि शेवटची तेवढी गल्ली भोंग्या चालवायचा. दात आवळून. फाटकातून आत शिरताना हॉर्न वाजवायचा. उतरला की सीटची पाठ ओली असायची, मी तिथे टॉवेल टाकायचे. पुढे तेही जमेना, तेव्हा आम्ही जाणंच थांबवलं. काम फार आहे, असं सांगितलं.

सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. त्या आमच्याकडे येऊन राहायच्या, मागच्या सीटवर बसून त्याच्या मानेखालची उशी धरायच्या. "बाबांना कळता कामा नये," असं त्यानं आम्हा दोघींना बजावलं होतं. शेवट इतका झटपट आला की सासरे आले ते थेट आयसीयूच्या दाराशीच.

तर मॅडमनी दम दिल्यावर पहिल्या सुट्टीला मी सासरी गेले.

सासरे अंगणात उकिडवे बसून टायरातली हवा मोजत होते. आयुष्यभर वजनमापं खात्यात होते ते. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे. खोटं वजन सापडलं की तिथल्या तिथे जप्त, मग दुकानदार रडो की पाय धरो. "खोटं माप एक दिवससुद्धा कुणाच्या हातात राहू दिलं नाही मी," हे त्यांचं वाक्य. जेवताना एकदा तरी यायचंच.

मला बघून ते म्हणाले, "चोवीस पॉइंट पाच झालाय." कशी आहेस नाही, कशी आलीस नाही.

"काय?"

"आकडा. सहाचा पाच झाला. रोज सकाळी कालव्याच्या रस्त्यानं नेतो, सपाट रस्ता, तरी चढत नाही. दर वेळी टाकी गच्च भरून हिशोब करतो, कॅलेंडरवर लिहितो. माझा पाय जड आहे गं." त्यांनी टायरावर हात ठेवला. "भोंग्याचा पाय काही वेगळाच होता."

 स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई एका हातानं चहा टाकत होत्या. दुसऱ्या मनगटाला पट्टी होती.

"हे काय झालं?"

"काही नाही. चौकात सिग्नल लाल झाला होता. ब्रेक लावला तर आकडा पडेल म्हणून ह्यांनी गाडी तशीच जाऊ दिली. समोरून ट्रक आला. मग लावला ब्रेक, पण मी पुढच्या सीटवर आदळले."

"आई! डोकं फिरलंय त्यांचं!"

"हळू बोल." त्यांनी दाराकडे पाहिलं. "फिरू दे. तो गेल्यावर हे जेवत नव्हते, दाढी करत नव्हते, भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. एक दिवस गाडीत जाऊन बसले आणि तो आकडा दिसला. तेव्हापासून सकाळी उठतात तरी."

"मी आज त्यांना सगळं सांगणार आहे. मला गाडी हवी आहे. माझं काम जाईल."

"गाडी माग. पण ते सांगू नकोस." त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. लेक शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं गाडी चालवत होता, एवढंच उरलंय त्यांच्याकडे."

"आणि माझ्याकडे काय उरलंय? बसचा पास?"

 चहा उतू गेला आणि आम्ही दोघी तो पुसत बसलो.

मी अंगणात जाऊन सरळ मागितली गाडी. कामाचं सांगितलं, पेशंटांचं सांगितलं. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"तुझ्या हातात आठ दिवसांत विसावर येईल. तुला काय, पाय द्यायचा आणि पळायचं. सूनबाई, ही तुझ्यासाठी गाडी असेल. माझा पोरगा आहे त्यात."

तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. गिळलं. "एकदा चालवून दाखवू का? कालव्यापर्यंत?"

त्यांना ते पटलं नव्हतं, पण सासूबाई चपला घालून मागच्या सीटवर जाऊन बसल्याही. "आकडा एवढासा जरी उतरला तरी तिथेच उतरायचं," असं बजावून सासरे माझ्या शेजारी बसले. भोंग्याच्या जागी. सीट त्यांनी ताठ सरळ करून घेतली होती.

मी निघाले. खरं सांगते, मी काही ठरवून केलं नाही, पायानंच केलं. इंजिन जागं झालं नाही. गल्ली संपली, चौक आला, मी लांबूनच पाय काढला आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत गाडी नुसती वाहत गेली. रस्त्यावर एके ठिकाणी उंचवटा होता, त्यावरून मी गाडी तिरकी घेतली, एकेक चाक सावकाश चढवत. तशी गरज नव्हती. आता कुणाचा मणका सांभाळायचा होता? पण सवय लागली ती लागली. मागे सासूबाई नाक ओढत होत्या. सासरे पडद्याकडे बघत होते, काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसे, पापणीही न हलवता.

कालव्याहून परतलो. गल्लीच्या कोपऱ्यावर मी गाडी मंदावली आणि पाचाचा सहा झाला.

"आला! आला गं!" सासऱ्यांनी टाळी वाजवली. मुलगा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू. "थांब, थांब इथे, बघू दे. हुबेहूब त्याचा पाय! त्यानंच शिकवलं ना तुला?"

मी गाडी कडेला घेतली. मागून सासूबाईंचा हात माझ्या खांद्यावर आला आणि त्यांनी खांदा घट्ट दाबला. "हो" माझ्या जिभेवर होतं. एवढासा "हो", आणि कदाचित किल्ली माझी झाली असती. दोन्ही हाती लाडू. पण सासरे बोलतच सुटले.

"मी म्हणतच होतो. मणका पोखरलेला आणि तरी स्वतः गाडी चालवत जायचा माझा वाघ. तू आपली शेजारी बसून आयती जायचीस. चला, निदान बघून बघून शिकलीस तरी."

आयती! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तो चालवत नव्हता, बाबा."

"म्हणजे?"

"त्याला स्टिअरिंग धरवत नव्हतं. ब्रेक लागला तर कळ जायची त्याला. मी चालवत होते, रोज, दोन वर्षं. हा जो कोपरा आहे ना, ह्याच कोपऱ्यावर आम्ही जागा बदलायचो, तुम्हाला दिसावं म्हणून. एवढी गल्ली चालवून तो घामानं निथळायचा."

खांद्यावरचा हात निघून गेला.

"फोनवर तो मला म्हणाला होता..."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाला. धडधाकट होता तेव्हा त्यानं चौदाच्या वर कधी नेली नाही ही गाडी. विचारा आईंना."

सासरे मागे वळले. "तुला ठाऊक होतं?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

मला तिथेच थांबायला हवं होतं, पण एकदा सुटलेली जीभ आवरते थोडीच? मी म्हटलं, त्याला दुखू नये म्हणून ब्रेक लावला नाही, म्हणून झाला हा आकडा. तो मधेमधे बरा असायचा तेव्हाही मी असंच चालवायचे, न जाणो म्हणून. त्या सीटवर पडून तो वाचायचा हा आकडा, दुसरं काही वाचवत नव्हतं त्याला. बोलता बोलता मी रडायला लागले होते आणि ते मला स्वतःला कळलंही नव्हतं.

 मग सासऱ्यांनी विचारलं. आवाज कोरडा होता, दुकानदाराला विचारत असतील तसा.

"म्हणजे हे माप त्याचं नाही."

"बाबा, तसं नाही..."

"त्याचं आहे की नाही?"

"पाय माझा होता," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. पडद्याखाली बोट नेलं. मला वाटलं आकड्यावरून हात फिरवतायत. पण ते बटण दाबून धरायचं असतं, आणि त्यांनी दाबून धरलं होतं. आकडा लुकलुकायला लागला.

"बाबा, नको! नको ना!" मी त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. दिवसभर लोकांची आखडलेली मनगटं सोडवते मी. ते हाडकुळं मनगट मला तसूभर हलवता आलं नाही.

पडद्यावर नुसत्या रेघा राहिल्या.

"खोटं माप," ते म्हणाले. किल्लीकडे बोट दाखवलं. "घेऊन जा. त्याचं काही नाही ह्यात." दार उघडून ते उतरले आणि गल्लीतून घराकडे चालू लागले. पाठ वाकली होती, एका हातानं भिंतीचा आधार घेत होते.

सासूबाई घाईघाईनं उतरल्या. दोन पावलं गेल्या, परत आल्या, खिडकीशी वाकल्या. मला वाटलं शिव्या देतील, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कशाला बोललीस गं," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांच्या मागे गेल्या.

आकड्याशी माझं देणंघेणं नव्हतं म्हणे! मी त्या रेघांकडे बघत बसले. दवाखान्याचा रस्ता, पाठ केलेले खड्डे, अठरा झाले, वीस झाले, त्याचं ते "बघू या तुझ्या पायाची करामत", सगळं त्या तीन आकड्यांत होतं आणि मी त्याचा फोटोसुद्धा काढून ठेवला नव्हता. मी स्टिअरिंगवर मुठी मारल्या. त्यांच्यावर चिडले, मग स्वतःवर चिडले, मग मेलेल्या माणसावरही चिडले, फोन करून फुशारक्या मारायला कुणी सांगितलं होतं म्हणून. मग डोळे पुसले आणि निघाले. गाडी मिळाली होती ना? उद्या वेळेवर पोचणार होते ना मी? मॅडम खूश होणार होत्या.

आमच्या गावात शिरताना मोठ्या चौकात सिग्नल पिवळा होता. मी लांबूनच पाय काढला होता, नेहमीसारखा, आणि तेवढ्यात बाजूनं एक टेम्पो घुसला. मी ब्रेक करकचून दाबला. आयुष्यात इतका जोरात मी कधी दाबला नसेल. टायर किंचाळले, माझी पिशवी सीटवरून घरंगळून खाली पडली.

"सॉरी, सॉरी रे," मी शेजारी वळून म्हणाले.

सीट सरळ होती. कुणी कण्हलं नाही. पडद्यावर रेघांच्या जागी नवा कुठलातरी आकडा उमटला होता, तो मी वाचला नाही. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न मारायला लागले, आणि मला काही केल्या ब्रेकवरून पाय उचलता येईना.